दाराजवळची खाट

घरून निघालो तेव्हा आम्ही दोघं होतो, परतलो तेव्हा मी एकटा. मला एकट्याला एस.टी.तून उतरताना पाहून बायकोने आधी देवाच्या दिशेने हात जोडले आणि मग विचारलं, "जेवलात काय?" मी म्हटलं, "जेवलो. आणि ती पण जेवली असेल. चांगलं जेवण आहे तिथे." एवढं ऐकल्यावर ती पायरीवर बसली आणि पदराने डोळे पुसून हसली. गेले दोन आठवडे घरात कोणी नीट हसलं नव्हतं.

माझं मालवण तालुक्यातल्या आतल्या गावात किराणा दुकान आहे. मुलगी दीक्षा यंदा बारावी झाली. तिला संख्याशास्त्र शिकायचं होतं आणि तो विषय आमच्या जवळच्या कॉलेजात नाही. आमच्याकडे मूल कॉलेज निवडत नाही, एस.टी. निवडते. सकाळची गाडी जिथवर जाते तिथलं कॉलेज, आणि त्या कॉलेजात ज्या विषयाला मास्तर आहे तो विषय. जवळचं कॉलेज आणि मुंबईतली कॉलेजं एकाच विद्यापीठाखाली येतात. पदवीवर शिक्का एकच उमटतो. पण आत शिरायचं दार वेगवेगळं आहे, आणि ते किती वेगळं हे मी तीन दिवसांत पाहून आलो. ज्यांच्या मुली यंदा अकरावीत आहेत त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

अंधेरीच्या एका कॉलेजच्या यादीत दीक्षाचं नाव लागलं. सोमवारी दुपारी तीनपर्यंत मूळ कागद दाखवून प्रवेश पक्का करायचा, नाहीतर जागा पुढच्या यादीत जाणार. बायकोने एकच अट घातली. डोक्यावर छप्पर ठरल्याशिवाय फी भरायची नाही. न जमल्यास परत यायचं आणि जवळच्या कॉलेजात रसायनशास्त्र घ्यायचं. तिथले प्राचार्य म्हणालेच होते, "कधीही ये गं, जागा आहे."

छपराची मला काळजी नव्हती. आमच्या गावाचं मुंबईत मंडळ आहे आणि मंडळाची खोली आहे. आजोबांच्या पिढीने गिरणीत असताना घेतलेली. गिरणगावातली जुनी खोली गेली, तिच्या बदल्यात घाटकोपरला मिळाली. गावातून जो कोणी नोकरीला किंवा शिकायला मुंबईला गेला तो पहिल्यांदा तिथेच झोपला. गावाकडची वर्गणी घरोघर फिरून मीच गोळा करतो. मुलगी कुठे राहणार म्हणून कोणी विचारलं, "चेडू खंय रवतला?" की मी सांगायचो, "खोली आसा ना!"

नाहूर, शनिवार

रेल्वेच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ठाण्याला सुभाष, माझा मावसभाऊ, गाडी घेऊन आला होता. नाहूरला एका उंच इमारतीत तो राहतो. पाहुण्याने रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून मी सुके बांगडे आणि सुकट नेली होती. मासेमारी बंदीचे दिवस, ताजे मासे मिळणं कठीण. सुजातावहिनीने पिशवीचं तोंड उघडलं आणि लगेच बंद केलं.

"भावोजी, हे इथे भाजता यायचं नाही. मागच्या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर तीन दिवस चर्चा चालली होती. शेजारची बाई अगरबत्ती घेऊन जिन्यात फिरत होती."

"मग काय करता तुम्ही?"

"माहेरी जाते तेव्हा खाते," ती म्हणाली. पिशवी तिने आणखी दोन पिशव्यांत गुंडाळली आणि गॅलरीत टांगली.

जेवायला डाळ-भात, वांग्याचं भरीत आणि आंब्याचं लोणचं होतं. सुभाषचा मुलगा ओंकार दीक्षाच्याच वयाचा. त्याचा प्रवेश मुलुंडच्या कॉलेजात कधीच झाला होता. त्याचे गुण दीक्षाहून बरेच कमी. मी हिशोबी माणूस, मला हे जुळेना.

"काका, सोपं आहे," ओंकार म्हणाला. "कॉलेज आधी स्वतःच्या बारावीच्या पोरांना घेतं. उरलेल्या जागा बाहेरच्यांना. खरं गेट अकरावीलाच उघडतं. बारावीनंतर उघडते ती खिडकी."

"आणि ज्याला अकरावीला हे कोणी सांगितलंच नाही तो?"

"त्याची वाट लागली," ओंकार म्हणाला, आणि आईने डोळे वटारल्यावर पुढे जोडलं, "म्हणजे दीक्षासारखे मार्क असतील तर खिडकीतून पण आत येतो ना."

आमच्या कोकण विभागाचा बारावीचा निकाल राज्यात वर असतो. आम्ही पेढे वाटतो, पेपरात फोटो येतात. मग ती सगळी मुलं कुठे जातात? मुंबईच्या पोरांना दहावीपासून कुठलं कॉलेज कितीला बंद होतं ते पाठ असतं, क्रिकेटच्या धावा पाठ असाव्यात तसं. आमच्याकडे जागा मुलांची वाट पाहतात, म्हणून मुलांना धावायची सवयच लागत नाही.

जेवताना वहिनीने विचारलं, "दीक्षा राहणार कुठे?"

"मंडळाच्या खोलीत," मी म्हणालो.

वहिनीच्या हातातला डाव तसाच राहिला. सुभाषने माझ्याकडे पाहिलं, मग दीक्षाकडे, आणि त्याला हसू आवरेना.

"अरे, तिथे सगळे बाप्ये राहतात! आठ जण ओळीने. दोऱ्यांवर लुंग्या वाळत घातलेल्या. तू स्वतः राहून गेलायस ना?"

मी राहून गेलो होतो. त्या लुंग्या मला आठवत होत्या. वर्षानुवर्षं वर्गणी गोळा केली, खोलीच्या रंगाचा खर्च मी तपासला, आणि त्या खोलीत आजवर एकही बाई झोपलेली नाही हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गावातून मुंबईला शिकायला गेलेले मुलगे मी तिथल्या तिथे मोजायला घेतले, दोन्ही हातांची बोटं संपली. मुलगी एकच आठवली, आणि तिची सख्खी आत्या मुंबईत होती.

मी दीक्षाला म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्ही काहीतरी ठरवलं असणार. तुमचा हिशोब चुकत नाही ना बाबा कधी."

ती टोचून बोलली नव्हती. म्हणूनच जास्त लागलं.

सुभाषच्या घरी ठेवा म्हणायला जागा नव्हती. हॉलमधल्या पलंगावर माझी मावशी, ती आता उठत नाही. आत एक खोली, त्यात तिघं. वहिनी म्हणाली, "आमच्याकडे..." आणि पुढे बोलली नाही. मीही विचारलं नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मला थोडं वाईट वाटलं.

दुपारी वहिनी आमच्यासोबत अंधेरीला आली. घाटकोपरहून मेट्रो. गाडी डोंगरावरच्या घरांच्या पत्र्यांवरून जाते, दीक्षा काचेला नाक लावून बसली होती. कॉलेजच्या आसपास मुलींची वसतिगृहं आणि घरगुती खोल्या पाहिल्या. एक भरलेलं होतं. दुसऱ्या ठिकाणी बाईने दारातूनच विचारलं, "लोकल गार्डियन कोण?" मी म्हटलं, "मी वडील." ती म्हणाली, "वडील गावाला असणार. इथे मध्यरात्री ताप आला तर मी कोणाला फोन करू?" प्रश्न रास्त होता. आमच्याकडे ताप आला तर वाडीभर कळतं, फोन करावा लागत नाही. तिसऱ्या ठिकाणी एका खोलीत सहा जणी होत्या आणि खिडकी नव्हती. वहिनीने दीक्षाचा हात धरून तिला बाहेर आणलं. "इथे नाही हं," ती मला म्हणाली. मी मान डोलावली.

घाटकोपर, रविवार

महिन्याच्या एका रविवारी खोलीवर मंडळाची बैठक असते, आणि ती नेमकी त्या दिवशी होती. आम्ही दोघं चाळीचा जिना चढून गेलो. दारात शेजारच्या एका बाईने दीक्षाला थांबवलं. "आत नको जाऊस गं, बाप्यांची खोली आहे ती. ये, माझ्याकडे बस." दीक्षा बाहेरच्या कठड्याशी उभी राहिली. मी आत गेलो.

खोली होती तशीच आहे. ग्रामदेवतेची तसबीर, पखवाज, माळ्यावर ट्रंका, भिंतीला गुंडाळून ठेवलेल्या वळकट्या. इथली एक रीत मला आवडते. नवा आलेला माणूस दाराजवळ झोपतो, सगळ्यांचे पाय त्याच्या अंगावरून. मग आणखी नवा आला की तो एक जागा आत सरकतो. असं सरकत सरकत माणूस खिडकीपाशी पोचतो, तोवर त्याला नोकरी लागलेली असते आणि लग्न ठरलेलं असतं. मी मात्र खिडकीपर्यंत पोचायच्या आधीच दुकान सांभाळायला गावाला परतलो.

बाबलकाका बैठकीला वडील माणूस. वय पंचाहत्तरच्या पुढे, गिरणीत होते, ती बंद पडल्यावर सुतारकाम केलं. मी त्यांना अडचण सांगितली. मग सगळे एकदम बोलू लागले. प्रथमेश नावाचा मुलगा, तिथेच राहून नोकरी करतो, तो म्हणाला, "काका, आम्ही गॅलरीत झोपतो ना. तिला द्या खोली. काय यार, एवढं काय त्यात?"

"आणि संडास खंय?" बाबलकाका म्हणाले. "खाली, आठ घरांचो एक. रातचा चेडू एकटा जातला? गॅलरीत झोपान तू काय पुण्य करतलंस?"

दुसरा एक जण म्हणाला, "इतक्या वर्सांची रीत आसा. आज एक इली, उद्या चार येतले."

तेव्हा दारातून आवाज आला. दीक्षा उंबरठ्याच्या बाहेरच उभी होती, चपला घालूनच.

"काका, वर्गणी घरटी असते ना?"

"हो गो," बाबलकाका म्हणाले. "घरटी."

"मग मी आमच्या घरातली नाही का?"

पखवाजावर कोणाचं तरी बोट पडलं. आपली मुलगी चारचौघांत बोलते आहे म्हणून मी घाबरलो होतो, आणि मला तिचा अभिमानही वाटत होता.

बाबलकाका हळू उठले. "तिना बरोबर विचारल्यान," ते म्हणाले. "खोली बापयांची आसा. मंडळ काय बापयांचा नाय." मग मघाशी रीतीबद्दल बोललेल्या माणसाकडे वळून म्हणाले, "आणि चार येतले तर येवंदेत. तुझी पण एक आसा ना आठवीत?"

तो हसला. बाकीचेही हसले.

बाबलकाकांनी फोन काढला, डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधला. अंधेरीला गावठाणात एक रेजिनाबाय आहे, ते म्हणाले. जुनं ख्रिस्ती घराणं, शेती होती तेव्हापासूनचं. तिच्या घराचा लाकडी जिना त्यांनी बांधला होता, दोनदा दुरुस्तही केला होता. वरच्या मजल्यावर ती मुलींना राहायला ठेवते. फोनवर ते मालवणी सोडून शुद्ध मराठीत बोलू लागले, तेव्हाच मला वाटलं की बाई खमकी असणार.

"उद्या सकाळी घेऊन ये म्हणाली," फोन ठेवून ते म्हणाले. "बघतला, मगे सांगतला. इथलो जबाबदार माणूस घेवन ये म्हणता."

अंधेरी, सोमवार

सकाळी नाहूरहून आम्ही तिघं निघालो. सुजातावहिनीने ऑफिसातून अर्धा दिवस घेतला होता, मी सांगितलेलं नसताना. घाटकोपरला बाबलकाका आणि प्रथमेश उभे होते. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. घरून निघताना वहिनीने गॅलरीतली ती तीन पिशव्यांत गुंडाळलेली सुकट माझ्या हातात दिली. "घेऊन जा हो. हिच्यापायी मला झोप लागत नाही."

मोठ्या रस्त्यावर काचेच्या इमारती, आणि दोन वळणं आत गेलं की क्रॉस, विहीर आणि बैठी घरं. शहराच्या पोटात गाव राहिलेलं आहे. आमच्या वाडीसारखीच इथेही माणसं दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला न्याहाळतात. मला तिथे पाऊल टाकताच जरा बरं वाटलं.

रेजिनाबाय साठीची, गुडघ्याने अधू, आवाजाने नाही. आम्हा पाच जणांना पाहून ती म्हणाली, "एका पोरीसाठी एवढी वरात?"

मग तिने काकांना विचारलं, "जबाबदार माणूस कोण?"

"मी," बाबलकाका म्हणाले.

"तुम्ही? जिना चढताना तुमची जबाबदारी कोण घेतो? दुसरा सांगा."

प्रथमेश पुढे झाला. "आंटी, मी आहे ना."

"तू मुलगा आहेस. तू तर या गल्लीतच दिसायचा नाहीस मला."

सगळे हसले, प्रथमेशचे कान लाल झाले. पण मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून गेले होते. मला कळत होतं की आता यापुढे कोणी नाही. मी पुन्हा तेच वाक्य जुळवू लागलो, की मी वडील, मी दर महिन्याला येईन, वगैरे. ते मी बोलायच्या आत मागून वहिनी म्हणाली, "मी."

रेजिनाबायने तिला नीट पाहिलं. "तुम्ही कोण?"

"तिची काकी. नाहूरला राहते. मेट्रो बंद असली तरी रिक्षाने येईन. रात्री दोन वाजता फोन केला तरी उचलेन. घरात ठेवायला जागा नाही माझ्याकडे, पण यायला मी आहे."

शेवटचं वाक्य ती माझ्याकडे पाहून म्हणाली. शनिवारी जे अर्धवट राहिलं होतं ते तिने तिथे पुरं केलं. आमच्याकडे बाईमाणूस जामीन राहत नाही, बापयाचं नाव लागतं. इथे दोन बापये नापास झाले आणि बाई पास झाली.

"चालेल," रेजिनाबाय म्हणाली. "आणि या पिशवीत काय आहे? मघापासून वास येतोय."

मी ओशाळलो. "सुके बांगडे. आणि सुकट. बाहेर ठेवतो."

"बाहेर? मांजर नेईल!" तिने पिशवी हिसकावूनच घेतली. "मालवणचे ना? किती वर्षांत असे मिळाले नाहीत." आणि जिन्याकडे तोंड करून वरच्या पोरींना ओरडून सांगितलं, "आज कोणी बाहेर खाऊ नका गं!"

तिथून कॉलेजला चालत गेलो, दहा मिनिटं. आत लांब रांग. आमच्या पुढे एक मुलगी आईसोबत उभी होती, गोवंडीहून आलेली. दीक्षाने गाव सांगितल्यावर ती मुलगी म्हणाली, "एवढ्या लांबून? बाप रे!"

तिची आई मला म्हणाली, "भाईसाब, हम तो पास में हैं. पर आमच्या गल्लीतून इथपर्यंत कोणी आलं नाही अजून. लोकं विचारतात, इतनी दूर क्यों भेजती हो."

मी अंतर मनात मांडून पाहिलं. गोवंडी ते अंधेरी आणि मालवण ते अंधेरी, ही तुलना कुठल्याही नकाशात बसायची नाही. पण दोघींच्या वाटेत पहिल्यांदा पाऊल टाकायची अडचण सारखीच होती. रांग संपेपर्यंत त्या दोघी मुलींनी एकमेकींचे फोन नंबर घेतले होते.

दोनच्या सुमारास प्रवेश पक्का झाला. खिडकीतल्या माणसाने दीक्षाचे कागद एकदा चाळले, शिक्का मारला आणि "नेक्स्ट" म्हणाला. बस, एवढंच. जवळच्या कॉलेजात नाव घातलं असतं तर शिपायाने चहा पाजला असता, कारकुनाने माझ्या वडलांची आठवण काढली असती. इथे कोणी काही विचारलं नाही. पण मला त्याचं काही वाटलं नाही. ज्यांना विचारायला हवं होतं त्यांनी सकाळीच विचारलं होतं.

रेजिनाबायकडे परतलो तेव्हा बांगडे भाजून झाले होते. भाकरी, बांगडे, कांदा, आणि तिने घरी कुटून बाटलीत भरलेला मसाला घातलेली सुकटीची चटणी. आमच्या चटणीत ओलं खोबरं असतं, तिच्या चटणीत नव्हतं. मी तसं म्हणालो. "मग पुढच्या वेळी नारळ पण आण," ती म्हणाली. सुजातावहिनी सोसायटीची भीती विसरून तीन बांगडे खाऊन गेली. बाबलकाका जेवण झाल्यावर जिन्यावर जाऊन एक पायरी हलते का ते हाताने पाहत बसले.

मी निघालो तेव्हा दीक्षा दारापर्यंत आली. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "बाबा, आता लवकर निघा, गाडी चुकेल." मग मीच जरा तोंड फिरवलं.

परत गावी

पंधरा दिवस झाले. मंडळाच्या पुढच्या बैठकीत मुलींच्या राहण्याचा विषय घ्यायचं ठरलं आहे, असं बाबलकाकांनी कळवलं. ठरलं म्हणजे झालं असं मी धरत नाही. मंडळाचा रंगकामाचा विषयही असाच दोन वर्षं ठरत होता. पण विषय निघाला, हेही आजवर नव्हतं.

काल दीक्षाचा फोन आला. वर्ग समजतो, एक सर फार भराभर बोलतात, गोवंडीची ती मैत्रीण शेजारी बसते, रविवारी वहिनी येऊन केस धुवून देऊन गेली, असं सगळं तिने आईला सांगितलं. मग फोन माझ्याकडे आला.

"बाबा, तुमच्या खोलीसारखंच आहे इथे. नवी मुलगी दाराजवळच्या खाटेवर. रात्री सगळ्या माझ्या पायांवरून जातात."

"मग? आंटीला सांगू का?"

"नको हो. नवी कोणी आली की मी सरकणार ना आत." ती म्हणाली, "म्हणून तर फोन केला. गावातल्या बारावीच्या कोणाला तरी सांगून ठेवा. कोणी आलंच नाही तर मी तीन वर्षं दारातच."

मी फोन ठेवला. दुकानासमोर वाडीतल्या दोन मुली सायकली टेकवून उभ्या होत्या, अकरावीच्या, काड्यापेटी आणि साबण घ्यायला आलेल्या. मी सामान बांधलं, आणि त्या निघाल्या तेव्हा म्हटलं, "थांबा गं जरा. आत येऊन बसा. तुम्हाला काय शिकायचंय?"